प्लॉट रिकामा आहे, केबिन ठेवू का?

पलसाणा, कडोदरा, जोळवा, सचिन, कामरेज. सुरतेतल्या मराठी घरांमध्ये ही नावं बहुतेक वेळा एखाद्या प्लॉटच्या निमित्तानं निघतात. धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेल्या पिढीनं लूमवर, डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये नाहीतर साडी मार्केटात दिवस काढले, उधना-लिंबायत-डिंडोलीत राहायची सोय केली आणि भिशीचे, फंडाचे पैसे जमले तसा शहराबाहेर एखादा प्लॉट घेऊन ठेवला. मुलीच्या लग्नाला कामी येईल, मुलगा पुढे बांधेल, असा विचार. मुलगा आता पुण्यात आहे आणि प्लॉट तसाच आहे. तारेचं कुंपण, कमरेएवढं गवत, आणि कोणी घुसलं तर नाही ना म्हणून दर दिवाळीत मारलेली एक चक्कर.

अशा मालकाला हल्ली दोन बाजूंनी एकच सल्ला येतो. अमेरिकेतला भाचा सांगतो की तिकडे ट्रेलर पार्क असतात, लोक स्वतःचं फिरतं घर आणून दुसऱ्याच्या जागेवर ठेवतात आणि महिन्याला जागेचं भाडं भरतात. इकडे पोर्टा केबिन बनवणारा फॅब्रिकेटर सांगतो की खड्डा नको, वीट नको, परवानगी नको. हायड्रा क्रेननं उचलून ठेवा, पुढच्या महिन्यापासून भाडं चालू. भाच्याच्या गोष्टीत मात्र घराचा मालक वेगळा आणि जागेचा मालक वेगळा असतो, हे घाईत कोणाच्या लक्षात येत नाही. तिकडच्या जागामालकाचा पैसा रस्ता, नळ, गटार आणि विजेच्या जोडण्यांमध्ये असतो. दरवर्षी किंमत उतरणारं घर असतं भाडेकरूचं. शिवाय तिथल्या फिरत्या घरांच्या बांधणीसाठी १९७६ पासून केंद्र सरकारची संहिता आहे. फॅब्रिकेटर सुचवतो त्या व्यवहारात जागाही आपली आणि उतरत्या किमतीची केबिनही आपलीच.

म्हणून आधी आकडे. पुढचे आकडे बाजारभाव समजू नका, नमुना समजा आणि त्यांच्या जागी स्वतःच्या कोटेशनमधले घाला. समजा २० बाय ८ फुटांची, संडास-बाथरूमसकट केबिन ३ लाखांना ठरली. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५४ हजार. ट्रेलर आणि हायड्राचे ३० हजार, मुरूम टाकून काँक्रीटचे ठोकळे बसवायला २५ हजार, शोषखड्डा-सेप्टिक टँक आणि पाण्याची लाइन ५० हजार, वीजजोडणी आणि अर्थिंग ३० हजार, उन्हापासून वाचायला वर पत्र्याचं दुसरं छप्पर ४० हजार. कोटेशनवर ३ लाख होते, खिशातून गेले ५ लाख २९ हजार. भाडं समजा महिना ६ हजार, वर्षातला एक महिना रिकामा गेला तर ६६ हजार. रंग, दुरुस्ती, वेराबिल (घरपट्टी), विमा यांचे १४ हजार वजा केले की ५२ हजार उरतात. जवळजवळ १० टक्के! इथेच बहुतेकांचा हिशेब थांबतो आणि फॅब्रिकेटरला ॲडव्हान्स जातो.

हिशेब अजून अर्धाच झालाय. दहा वर्षांनी ती केबिन १ लाखाला गेली, तर बाकीचे ४ लाख २९ हजार गेले. वर्षाला साधारण ४३ हजार. ५२ हजारांतून ते काढले की हातात ९ हजार राहतात, म्हणजे गुंतवलेल्या रकमेवर पावणेदोन टक्के. बँकेतली मुदत ठेव याहून जास्त देते आणि तिचा नळ गळत नाही. जमिनीची किंमत वाढेल ती केबिन असो वा नसो वाढणारच. तिचं श्रेय केबिनला देऊ नये.

आता दुसरा हिशेब करून बघा. केबिन घेतलीच नाही. प्लॉट साफ केला, मुरूम टाकला, फाटक बसवलं, पाण्याची आणि विजेची सोय केली. समजा ८० हजार गेले. एखादा ठेकेदार स्वतःच्या केबिनी आणून ठेवतो आणि आपल्याला अर्धंच भाडं देतो, महिना ३ हजार. वर्षाचे ३६ हजार. अडीच वर्षांच्या आत पैसे वसूल, आणि गंजायला आपलं काही नाही. मला विचाराल तर सुरतेच्या आसपासच्या दहातल्या सात-आठ मालकांनी इथेच थांबावं. जागा तयार करून द्यावी, डबा दुसऱ्याचा असू द्यावा.

केबिन आपण घ्यावी ती दोन प्रसंगी. एक, दोन-तीन वर्षांचा लेखी करार द्यायला तयार असलेली कंपनी किंवा ठेकेदार आधी हातात आहे आणि त्याला तयार केबिनच हवी आहे. दोन, जागेवर पक्कं बांधकाम करण्यात आज अर्थ नाही, पण चार-पाच वर्षांत तिचं काहीतरी होणार हे नक्की आहे. दोन्हीकडे कमाई आहे ती जागेच्या थांबण्याच्या काळाची. केबिनची खरी किंमत ती उचलून नेता येते यात आहे. ज्या क्षणी ती उचलता येणार नाही अशी बसवली, त्या क्षणी ती एक महाग आणि गरम खोली झाली.

गिऱ्हाईक कोण?

सुरतेत खोलीच्या भाड्याचा बाजार फार स्वस्त आहे, हे आधी मान्य करावं लागतं. वेडरोड, अंजना, उधना भागात ओडिशातल्या गंजामहून आलेले लूम कामगार मेसमध्ये राहतात. बारा तासांची पाळी संपवून एक जण येतो तेव्हा दुसरा कामावर गेलेला असतो आणि तीच चटई दोघांना पुरते. पांडेसरा, सचिनच्या चाळींमध्येही माणशी भाडं कमीच. या बाजाराशी पाच लाखांची केबिन स्पर्धा करू शकत नाही. कुटुंबवाला भाडेकरूही पत्र्याच्या डब्यापेक्षा पक्की खोली पसंत करतो, आणि त्याचं बरोबर आहे.

परवडणारं गिऱ्हाईक म्हणजे प्रकल्प. सुमारे ४० किलोमीटरच्या सुरत मेट्रोचं भूमिपूजन जानेवारी २०२१ मध्ये झालं. बुलेट ट्रेनचं सुरत स्टेशन अंत्रोलीला. खजोदला डायमंड बूर्सचं उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ ला झालं आणि त्याच्या भोवतीच्या ड्रीम सिटीत अजून प्लॉटच प्लॉट आहेत. नवसारी जिल्ह्यात वांसी-बोरसीला पीएम मित्र टेक्सटाइल पार्क, आणि हजिऱ्याला कारखान्यांच्या विस्ताराची आणि शटडाऊनची कामं कायमचीच. अशा कामांवरच्या ठेकेदाराला साइट ऑफिस लागतं, सुपरवायझर-इंजिनिअरांना झोपायला जागा लागते. मजुरांचं म्हणाल तर बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्यानं तात्पुरत्या निवाऱ्याची जबाबदारी कामाला ठेवणाऱ्यावरच टाकली: कामाच्या जागी किंवा शक्य तितकी जवळ, फुकट, स्वयंपाकाची, आंघोळीची, संडासाची वेगळी सोय करून. तेव्हा ठेकेदाराशी बोलताना आपण त्याच्यावर उपकार करत नसतो. त्याची कायद्यानं आलेली गरज भागवत असतो. भाव त्या हिशेबानं सांगावा.

याच ठेकेदाराकडून एक मागणी हमखास येईल, ती म्हणजे माणसं वाढवण्याची. २० बाय ८ च्या केबिनीत दुमजली पलंग टाकून आठ जण बसवता येतात, असं तो सांगेल. बसतात खरे. पण संडास एक, हवा एका खिडकीची, आणि केबिनची उंची साडेआठ फुटांची, म्हणजे छताचा पंखा वरच्या पलंगावरच्या माणसाच्या डोक्याशी. चार माणसं ही मर्यादा करारात आकड्यानं लिहावी आणि पंखे भिंतीचेच लावावेत.

भाडेकरू कोणीही असो, पोलिसांकडे नोंद टाळू नये. सुरतेत पोलीस आयुक्तांच्या जाहीरनाम्यानं भाडेकरूची माहिती देणं घरमालकावर बंधनकारक केलेलं असतं. गुजरात पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरून ती देता येते. मजुरांच्या बाबतीत ठेकेदाराचं नाव देऊन भागत नाही, राहणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र घ्यावं.

जागा खरंच आपली आणि खरंच त्या कामाची आहे का?

हा भाग सर्वात कंटाळवाणा आणि सर्वात महत्त्वाचा. सातबारा आणि आठ-अ आपल्या ओळखीचे आहेत, गुजरातेतही तेच चालतात. जुन्या मुंबई राज्याचा वारसा आहे. गुजरात सरकारच्या एनीआरओआर या संकेतस्थळावर उतारा बघता येतो. त्यावर जमीन शेतीची आहे की बिनखेती, ते आधी पाहा. महाराष्ट्रात आपण एन.ए. म्हणतो ते इथे बिनखेती. महसूल कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे शेतजमिनीचा दुसरा वापर करायचा तर कलेक्टरची परवानगी लागते. शेतात स्वतःच्या शेतीसाठी घर-गोठा करणं वेगळं आणि ठेकेदाराच्या वीस माणसांना भाड्यानं देणं वेगळं. ठरावीक मुदतीच्या वापरासाठी हंगामी बिनखेतीचीही वाट असते. आपल्या प्रकरणात ती बसते का, हे कलेक्टर कचेरीत आधीच विचारून घ्यावं.

जुन्या प्लॉटांच्या बाबतीत एक दुखणं वारंवार निघतं. शेतजमिनीवरच चुन्याच्या रेघा मारून सोसायटी पाडली, प्रत्येकाला साटाखत आणि कबजा रसीद दिली, सातबाऱ्यावर मात्र अजून मूळ शेतकऱ्याच्याच वारसांची नावं. अशा प्लॉटवर दस्तावेज (खरेदीखत) होईपर्यंत एक रुपया घालू नये. केबिन दिसली की जागेची किंमत वाढली असं वारसांना वाटायला लागतं आणि मग तडजोडीचा आकडाही वाढतो. उताऱ्यावर 'नवी शरत' लिहिलं असेल तर प्रीमियम भरून परवानगी घेतल्याशिवाय व्यवहारच होत नाही. मांडवी, उमरपाडा, महुवाकडची आदिवासी खातेदाराची जमीन महसूल कायद्याच्या कलम ७३ एए च्या बंधनात येते. ती स्वस्त मिळतेय म्हणून कोणी दाखवली तर हात जोडावेत. आणि खान्देशात आपला सातबारा आहे म्हणून गुजरातेत शेतजमीन घेता येईल, हे गृहीत धरू नये. इथे १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं.

हजिरा, ओलपाड, चोर्यासीच्या बाजूला उताऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्याकडे जरा जास्त वेळ बघा. हजिऱ्याहून विजयपूर-जगदीशपूरकडे जाणारी गॅसची मोठी वाहिनी इथूनच निघते, आणि इतरही वाहिन्या आहेत. अशा वाहिन्यांसाठीच्या १९६२ च्या कायद्याखाली ज्या पट्ट्यात वाहिनीचा वापर हक्क घेतलेला असतो, तिथे जमीन आपली राहते, शेती करता येते, पण त्यावर काही बांधता येत नाही. वरून ती जागा छान सपाट आणि मोकळी दिसते, म्हणून तर केबिन ठेवायचा मोह होतो. डुमस-हजिऱ्याच्या किनाऱ्याला सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र), आणि महामार्गालगत रस्त्यापासून सोडायचं अंतर, याही दोन गोष्टी तपासून घ्याव्यात.

टी.पी. म्हणजे नगररचना योजना हा सुरतेचा खास विषय. गुजरातेत शहर वाढतं ते टी.पी.नं: प्रत्येक मालकाच्या जमिनीतून रस्ता, बाग, शाळेसाठी वाटा कापायचा आणि उरलेली जमीन नव्या आकारात अंतिम प्लॉट म्हणून परत द्यायची. हा एफ.पी. मूळ जागेपासून सरकूही शकतो. योजना जाहीर झाली पण अंतिम झाली नाही, या काळात पक्कं घर बांधणारा माणूस धाडसी म्हणायचा. उद्या त्याच्या हॉलमधून रस्ता जाईल. फिरत्या केबिनला खरी जागा असेल तर ती इथे. महानगरपालिकेच्या किंवा सुडाच्या (सुरत नागरी विकास प्राधिकरण) नगररचना खात्यातून आपला ओ.पी. म्हणजे मूळ प्लॉट, एफ.पी. आणि नकाशा काढून घ्या. नियोजित रस्त्याच्या पट्ट्यात केबिन ठेवू नका आणि उरलेल्या भागात ती अशी ठेवा की ट्रेलर आत येऊन फिरू शकेल.

'तात्पुरतं आहे साहेब'

चाकं आहेत, पाया नाही, म्हणजे बांधकाम नाही, हा समज घट्ट बसलेला आहे. महानगरपालिकांसाठीचा १९४९ चा प्रांतिक कायदा महाराष्ट्राचा आणि गुजरातचा मुळात एकच. त्यातल्या इमारतीच्या व्याख्येत घर, तबेला, शेड, झोपडी सगळं येतं; ते विटांचं, लाकडाचं, मातीचं की धातूचं याला महत्त्व नाही, त्यात माणूस राहतो की नाही यालाही नाही. वर १९७६ च्या गुजरात नगररचना कायद्याची विकास परवानगी आणि २०१७ पासूनचे, सगळे ज्यांना सीजीडीसीआर म्हणतात ते नियम. म्हणजे हद्द महानगरपालिकेची असो की सुडाची, नकाशा देऊन, मुदत सांगून, लेखी परवानगी मागायची. चाकं ठेवली तरी सुटका नाही, कारण ट्रेलर हेही वाहनच आणि त्याची नोंदणी आरटीओकडे.

गुजरातेत या बाबतीत आता कोणी डोळेझाक करेल अशी अपेक्षा ठेवू नका. २५ मे २०२४ ला राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये आग लागून २७ माणसं गेली. तो लोखंडी सांगाड्याचा, पत्र्याचा डोलारा होता. अग्निशमन दलाचा दाखला नव्हता. वेल्डिंगची ठिणगी पुरली. त्याच्या आधी पाच वर्षं, २४ मे २०१९ ला, सुरतेतच सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमध्ये वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली २२ मुलं गेली. दोन्हीकडे नंतर अधिकाऱ्यांवरही कारवाई झाली. ज्या अधिकाऱ्यानं ते पाहिलंय तो आपल्या केबिनकडे बघून मान फिरवणार नाही. इम्पॅक्ट फी भरून नंतर नियमित करू, हाही भरवसा नको. इम्पॅक्ट फीचा २०२२ चा कायदा १ ऑक्टोबर २०२२ च्या आधीच्या बांधकामांसाठी आहे.

केबिन घेताना

मापापासून सुरुवात करू. फॅब्रिकेटर १० फूट रुंदीची केबिन आग्रहानं दाखवतो, आणि आत शिरल्यावर ती मोठी वाटते खरी. पण आपल्या रस्त्यांवर वाहनाच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे. ८ फूट म्हणजे २.४४ मीटर, बसतं. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर; ते मापाबाहेरचं सामान झालं, त्याची वेगळी परवानगी आणि वेगळं भाडं, आणताना एकदा आणि नेताना पुन्हा एकदा. उचलून नेण्यासाठी घेतलेली वस्तू सहज नेता येत नसेल तर काय उपयोग? सोसायटीच्या आतल्या वळणावर ट्रेलर वळतो का आणि वर विजेच्या तारा किती खाली आहेत, हे ऑर्डर देण्याआधी टेप घेऊन मोजा.

भिंतीचं पॅनेल पफचं घ्यावं, निदान ५० मिलिमीटर. थर्माकोल भरलेलं पॅनेल स्वस्त पडतं आणि पेटलं की आवरत नाही. स्वयंपाक केबिनच्या आत होणार असेल तर त्या बाजूला रॉकवूलचं पॅनेल मागा. खरं तर स्वयंपाकघर बाहेर वेगळ्या शेडमध्येच असावं. दरवाजे दोन, समोरासमोर, बाहेर उघडणारे. खिडकीला जाळी लावा, पण आतून उघडेल अशी. सुरतेचा उन्हाळा दमट असतो, त्यामुळे पॅनेल कितीही चांगलं असलं तरी छपरावर फूट-दीड फूट अंतर सोडून दुसरा पत्रा टाकल्याशिवाय दुपारी आत बसवत नाही. डुमस-हजिऱ्याकडे खारा वारा आहे. तिथे साध्या लोखंडाला रंग मारून भागत नाही, गॅल्व्हनाइज्ड सांगाडाच हवा.

विजेच्या बाबतीत कंजुषी केली तर ती जिवावर बेतते. पूर्ण केबिन धातूची, पावसाळ्यात जमीन ओली, आत-बाहेर करणारा माणूस अनवाणी. एका उघड्या वायरनं सगळी भिंत जिवंत होते. दोन अर्थिंग, ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी, आणि ते दर महिन्याला बटण दाबून तपासायचं. जोडणी भागाप्रमाणे टॉरेंटची किंवा डीजीव्हीसीएलची. तात्पुरत्या जोडणीचा दर जास्त असतो, तो भाडं ठरवण्याआधी विचारून घ्या. प्रत्येक केबिनला सब-मीटर लावावा, नाहीतर दर महिन्याला बिलावरून भांडण.

आणि पाणी. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी सोडलं तेव्हा तापीनं शहराचं काय केलं ते सुरतकराला सांगायला नको. पण प्लॉट घेणारे तापीचाच विचार करतात आणि खाडी विसरतात. मिठी खाडीनं लिंबायतला जुलै २०२४ मध्ये त्रास दिला, जून २०२५ मध्ये पुन्हा खाडीपूर आला. केबिनच्या बाबतीत पुराचा धोका भिजण्याइतकाच तरंगण्याचाही आहे. २० बाय ८ फूट म्हणजे जवळजवळ १५ चौरस मीटर तळ. सामानासकट वजन ३ टन धरलं तर तळाच्या वर फक्त २० सेंटिमीटर, एक वीतभर पाणी चढलं की ती उचलली जाऊ शकते, जर पाणी आत शिरण्याआधी बाहेर वाढलं तर. पक्क्या खोलीचं असं होत नाही. म्हणून मागच्या पुराची खूण शेजाऱ्याच्या भिंतीवर बघा, ठोकळे त्याच्या वर न्या, आणि चारही कोपरे जमिनीत गाडलेल्या अँकरला नट-बोल्टनं बांधा. वेल्डिंगनं नको, बोल्ट पान्यानं सुटतात, वेल्डिंग कापताना सांगाडा खराब होतो. सेप्टिक टँकचं झाकण आणि चेंबरही पुराच्या पातळीच्या वर हवं, आणि टँक शेजाऱ्याच्या बोअरपासून लांब.

करार आणि कर

करार केबिनचा वेगळा आणि जागेचा वेगळा करू नये, मोकळ्या जागेवर भाडेकरूचा हक्क राहून जाईल असं काही लिहू नये. सुरतेत १९४७ च्या जुन्या भाडे नियंत्रण कायद्याचं सावट आहे आणि शेतीत नसलेली मोकळी जमीनही त्याच्या कक्षेत येते. त्यामुळे लिव्ह ॲण्ड लायसन्सचा मसुदा वकिलाकडून करून घ्या. बाजारातला छापील फॉर्म भरू नका. वर्षाच्या वरचा भाडेपट्टा असेल तर नोंदणी लागतेच. ठेकेदाराच्या कराराला किमान मुदत घाला, कारण तो सहा महिन्यांत गेला तर आपला हायड्राचा खर्चही निघत नाही. अनामत रक्कम निदान एवढी हवी, की त्यातून केबिन उचलून नेण्याचा, टँक उपसण्याचा आणि जागा साफ करण्याचा खर्च भागेल. पोटभाडेकरू बंद.

करात एक गुंता आहे. घराचं भाडं असेल तर प्राप्तिकरात ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. केबिन जंगम वस्तू ठरली तर ती मिळेल असं नाही, पण घसारा मागता येऊ शकतो. ऑफिस म्हणून दिली आणि आपली वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली तर १८ टक्के जीएसटी. राहायला दिली तर नियम वेगळे, आणि भाडेकरू नोंदणीकृत कंपनी असेल तर आणखी वेगळे. हे सगळं करारावर सही होण्याआधी सीएला दाखवावं, रिटर्न भरताना नव्हे. कर्जाचीही अपेक्षा कमी ठेवा. गृहकर्ज देणारी बँक केबिनला घर मानत नाही, व्यवसायाचं महाग कर्ज घ्यावं लागतं, आणि वरचा पावणेदोन टक्क्यांचा हिशेब तेवढ्यानं उणे होतो.

शेवटचा मुद्दा जुन्या केबिनचा. प्रकल्पाचा एखादा टप्पा संपला की ठेकेदार केबिनी काढायला बघतात आणि त्या निम्म्या किमतीतही मिळून जातात. वरच्या हिशेबात केबिनची किंमत निम्मी झाली की सगळं चित्र बदलतं, म्हणून मी तरी नवीकडे वळण्याआधी जुनी शोधेन. बघायला जाताना पाऊस पडून गेलेला दिवस निवडा. रंगाकडे बघू नका, तो कालच मारलेला असतो. संडासाजवळच्या कोपऱ्यात वाकून स्क्रू-ड्रायव्हरनं जमिनीची प्लाय टोचून बघा. आत गेला तर खालचं चॅनेलही कुजलंय. मग चारही बाजूंचे उचलायचे हूक बघा, त्यांच्या वेल्डिंगला चीर असेल तर हायड्रावर ती केबिन चढवू नका. विकणाऱ्याकडून जीएसटी बिल घ्या आणि मूळ खरेदीच्या बिलाची प्रतही मागा, कारण भाड्यानं आणलेली केबिन विकून टाकणारेही या बाजारात आहेत.